चौथीच्या वर्गातील निवडणूक आणि गुप्त मताचा धडा

प्रश्न : मी ऐरोलीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. जानेवारीत नवी मुंबई महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा आमच्या शाळेतच मतदान केंद्र होते. सुट्टीनंतर मुले परतली ती प्रश्न घेऊनच : बोटाला शाई का लावतात, आईने चार बटणे का दाबली, हरलेल्यांचे पुढे काय होते. या उत्साहाचा उपयोग व्हावा म्हणून मी वर्गमंत्र्याची निवडणूक घेतली. पाच मुले उभी राहिली आणि हात वर करून मते मोजली. जो निवडून आला त्याने आदल्या दिवशी डब्याच्या सुट्टीत चॉकलेटे वाटली होती, हे मला नंतर कळले. एका मुलीसाठी तिच्या स्वतःच्या हाताखेरीज एकही हात वर झाला नाही. ती पुढे दोन दिवस शाळेत आली नाही. ‘इतक्या लहान वयात राजकारण कशाला’ अशी तक्रार दोन पालकांनी मुख्याध्यापकांकडे केली. मुले मला ‘बाई, तुम्ही कोणाला मत दिले?’ असे सारखे विचारतात आणि काही जण घरी ऐकलेल्या घोषणा वर्गात देतात. हा विषय येथेच थांबवावा की पुढे न्यावा? न्यायचा तर कसा?
एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण हा विषय थांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या अभ्यासक्रमात शहरी स्थानिक शासनाचा पाठ सहावीत येतो आणि निवडणूक प्रक्रियेचा स्वतंत्र पाठ दहावीत. परंतु चौथीतल्या मुलाने आज विचारलेला प्रश्न सहा वर्षे बाजूला ठेवावा, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय नवी मुंबईतील या वयाच्या मुलांसाठी यंदाची महापालिका निवडणूक समजत्या वयातील पहिलीच होती. महापालिकेच्या मागील सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. खाडीपलीकडे ठाण्यातही मार्च २०२२ पासून तेच झाले. आपल्या वर्गातील मुले तेव्हा बालवाडीच्या वयाची होती. चौकाचौकांतील फलकांवर ‘माजी नगरसेवक’ हे शब्द वाचत ती मोठी झाली. प्रत्यक्ष नगरसेवक कसा निवडला जातो, हे त्यांनी या जानेवारीत प्रथमच पाहिले. अशा वेळी त्यांच्या प्रश्नांना उत्तरे न देणे म्हणजे पुन्हा न येणारी संधी घालवणे होय.

आपण निवडणूक घेतली यात काहीच वावगे नाही. मात्र पत्र दोनदा वाचल्यावर माझ्या असे लक्षात आले, की आपण सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीचे मूळ एकाच गोष्टीत आहे, आणि ती म्हणजे हात वर करून घेतलेले मत. हात वर झाला की मत सगळ्यांना दिसते. ज्याने चॉकलेट दिले, त्याला ते खाणाऱ्याने शब्द पाळला की नाही हे तत्काळ कळते. एका बाकावर बसणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीने हात वर केला आणि दुसरीने केला नाही, तर मधल्या सुट्टीत त्याचा जाब विचारला जातो. वर्गातील दोन-तीन वजनदार मुलांचे हात कुठे जातात हे पाहून उरलेल्यांचे हात वर होतात. आणि जिला मते मिळत नाहीत तिला, आपल्यासाठी हात वर न करणारा प्रत्येक चेहरा एका दृष्टिक्षेपात दिसतो. नऊ वर्षांच्या मुलीने हे सोसावे अशी अपेक्षा आपण करू शकत नाही.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा, की मुलांना यंत्र, शाई, पक्ष, पदे यांच्या आधी गुप्त मतदान शिकवावे. मत गुप्त का ठेवायचे, हे एकदा मुलाला नीट उमगले की निवडणुकीतील बाकीच्या पुष्कळ गोष्टी त्याला आपोआप समजतात. चॉकलेट खाल्ले तरी मत ज्याला द्यायचे त्यालाच देता येते आणि ते कोणाला कधीही कळत नाही, एवढे मुलांच्या ध्यानात आले की चॉकलेट वाटणाऱ्याचा उत्साह स्वतःच ओसरतो. मोठ्यांच्या निवडणुकीतही गुप्ततेचे पहिले काम हेच आहे. घरमालक, मालक, भाऊबंद, गल्लीतला दादा यांपैकी कोणालाही मतदाराच्या मनापर्यंत पोहोचता येऊ नये, यासाठी कायद्याने त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला एवढे महत्त्व दिले आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२८ नुसार मतदानाच्या कामावरील अधिकारी, कर्मचारी किंवा प्रतिनिधी यांनी गुप्ततेचा भंग केल्यास त्यांना तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. ‘बाईंनासुद्धा शिक्षा होऊ शकते’ हे ऐकून त्यांचे डोळे विस्फारतात आणि नियम लक्षात राहतो.

आता प्रत्यक्ष मतदानाकडे येऊ. चौथीच्या वर्गात एक अडचण अशी असते की सगळ्यांना सगळ्यांचे अक्षर ओळखू येते. कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहायला सांगितले, तर मोजणीच्या वेळी ‘हे तर अमक्याचे अक्षर’ असे कोणीतरी म्हणणारच आणि गुप्तता तेथेच संपेल. त्यामुळे चिठ्ठीवर काहीही लिहून घेऊ नये. सर्व चिठ्ठ्या सारख्या आकाराच्या, एकाच कागदाच्या असाव्यात, त्यांवर पर्याय आधीच छापलेले किंवा आपण काढलेले असावेत आणि मुलाने फक्त खूण करावी. खूण करण्यासाठी आडोशात एकच पेन किंवा एकच रबरी शिक्का ठेवावा. प्रत्येकाने आपापले पेन आणले तर जांभळ्या शाईवरून मालकीण ओळखली जाते. चिठ्ठी कशी दुमडायची हेही आधी दाखवून द्यावे.

पर्यायांपुढे चिन्हे काढावीत. यामागे मुलांना सांगण्याजोगा खरा इतिहास आहे. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू होऊन फेब्रुवारी १९५२ मध्ये संपलेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना लिहितावाचता येत नव्हते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता की ज्याला नाव वाचता येत नाही त्याने मत कसे द्यावे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह देण्यात आले आणि प्रत्येकासाठी त्याचे चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी ठेवण्यात आली. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची होती. त्या निवडणुकीसाठी लाखो पोलादी पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या, म्हणजे ऐरोलीहून खाडी ओलांडली की जवळच. जवळच्या ठिकाणाचे नाव निघाले की मुले कान टवकारतात, म्हणून हा तपशील वगळू नये. चिन्हे निवडताना एक खबरदारी मात्र घ्यावी. घड्याळ, सायकल, हत्ती, झाडू ही मुलांच्या रोजच्या ओळखीची चित्रे आहेत आणि सहज सुचतात, पण ती सारी कोणत्या ना कोणत्या पक्षाची चिन्हे आहेत. पाण्याची बाटली किंवा डबा घेण्याआधीही ते कोणाचे चिन्ह नाही ना, हे पाहून घ्यावे. पालकांच्या शंकेला तेवढे निमित्तही मिळू नये.

मतदार यादीवर मी पूर्ण एक तास खर्च करीन. मतदानाच्या दोन दिवस आधी हजेरीपटावरून अनुक्रमांकासह यादी करून ती वर्गाच्या दारावर लावावी आणि प्रत्येक मुलाने स्वतःचे नाव शोधून ते बरोबर आहे की नाही हे पाहावे, असे सांगावे. यादीत मुद्दाम दोन चुका ठेवाव्यात : एक नाव अजिबात गाळावे आणि एक नाव चुकीचे लिहावे, अर्थात त्या दोन मुलांना विश्वासात घेऊनच. ज्याचे नाव नाही त्याला मत देता येणार नाही, हे कळल्यावर वर्गात जी खळबळ उडते ती कोणत्याही व्याख्यानाने उडत नाही. त्यानंतर दुरुस्तीसाठी एक दिवस द्यावा. याच वेळी पहिल्या निवडणुकीतील आणखी एक गोष्ट सांगावी. मतदार नोंदणी चालू असताना अनेक ठिकाणी स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद केली होती. स्वतःच्या नावाशिवाय नोंद ग्राह्य धरायची नाही, असा निर्णय आयोगाने घेतला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली. त्या निर्णयाबद्दल तेव्हा नाराजी झाली, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका आपापले नाव सांगू लागल्या. आपल्या वर्गातील मुलींना ही हकिकत सांगितल्यावर त्यांना आजीचे, पणजीचे नाव विचारून यायला सांगावे. कित्येकींना पणजीचे नाव घरात कोणालाच पटकन आठवत नाही, असे आढळेल.

केंद्राची मांडणी खऱ्या केंद्रासारखीच असावी, कारण शाळेत केंद्र पाहिलेल्या मुलांना खोटेपणा लगेच कळतो. दाराशी पहिला मतदान अधिकारी यादी घेऊन बसतो. तो मतदाराचे नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो, आणि उमेदवारांचे प्रतिनिधी आपल्याजवळच्या यादीत ते तपासतात. ‘हा तो नव्हेच’ असा आक्षेप घेण्याचा अधिकार त्यांना असतो. मोठ्याने नाव का वाचतात, हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही माहीत नसते. दुसरा अधिकारी नोंदवहीत सही घेतो आणि डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो. लोकसभा-विधानसभेची शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते, १९६२ च्या निवडणुकीपासून ती वापरात आहे आणि तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. मुलांच्या बोटांना ती लावण्याचे कारण नाही, स्केचपेनचा ठिपका पुरे. तिसरा अधिकारी आपल्या वर्गात चिठ्ठी देईल. मग आडोसा : एका बाकावर फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा तीन बाजूंनी उभा करावा आणि उघडी बाजू भिंतीकडे असावी, खिडकीकडे नव्हे. मतदान सुरू होण्यापूर्वी पेटी उलटी करून रिकामी असल्याचे सर्वांना दाखवावे. लोकसभा-विधानसभेच्या वेळी यंत्रांवरही याच कारणासाठी प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान घेतात आणि ती मते पुसून मगच खरे मतदान सुरू करतात.

या सर्व कामांवर मुलेच नेमावीत आणि आपण एका कोपऱ्यात बसावे. पेटीजवळ आपण उभ्या राहिलात, तर कितीही आडोसा केला तरी मुले आपल्याला आवडेल असे मत देतील.

मोजणी फळ्यावर आणि सर्वांच्या देखत व्हावी. एका मुलाने चिठ्ठी उघडून दाखवावी, दुसऱ्याने पर्याय वाचावा, तिसऱ्याने फळ्यावर रेघ मारावी, चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी. दोन खुणा असलेली चिठ्ठी बाद धरायची की नाही, हे मोजणीच्या आधी ठरलेले असावे. समान मते पडली तर काय करायचे, हेही आधीच ठरवावे. खऱ्या निवडणुकीत अशा वेळी चिठ्ठी टाकून निकाल लावतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना समान मते पडली आणि निकाल असाच लागला. एका मताने काय होते, असे कोणी विचारले तर २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी विधानसभेची निवडणूक केवळ एका मताने हरले, एवढेच सांगावे. मुले तो आकडा विसरत नाहीत.

मत कशावर घ्यावे, याविषयी माझे मत आपल्या प्रयोगापेक्षा वेगळे आहे. या वयात पहिले मतदान माणसावर नको, गोष्टीवर असावे. शनिवारच्या शेवटच्या तासाला खो-खो, लगोरी की गोष्ट. वर्गाच्या कुंडीत तुळस, झेंडू की मिरची. वर्गवाचनालयासाठी पुढचे पुस्तक कोणते. मिरची हरली तर मिरचीला वाईट वाटत नाही, आणि मिरचीला मत दिलेली मुले मात्र हरण्याचा पहिला अनुभव हसत-खेळत घेतात. यात एक अट आहे आणि ती आपल्याला पाळावी लागेल : जो निकाल लागेल तो अमलात आला पाहिजे. आपल्याला मान्य नसलेला पर्याय चिठ्ठीवर ठेवूच नये, पण एकदा ठेवला आणि तो जिंकला की तो बदलू नये. खो-खो निवडून आला आणि त्या शनिवारी गणिताची उजळणी झाली, तर मुले एका तासात जे शिकतात ते पुसायला वर्ष लागते. मत दिले तरी शेवटी मोठी माणसे आपल्याच मनाचे करतात, ही समजूत शाळेत पक्की होऊ नये यासाठी मी हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

असे दोन-तीन मतदान झाल्यावर वर्गमंत्र्याची निवडणूक घ्यावी. सध्याच्या वर्गमंत्र्याला काढून टाकू नये. चॉकलेटे वाटायची नाहीत असा नियम आधी सांगितला नव्हता, आणि नंतर केलेला नियम मागच्या गोष्टीला लावणे न्यायाचे नाही. पण त्याची मुदत वर्गासमोर ठरवून घ्यावी, गुढीपाडव्यापर्यंत म्हणा, आणि पुढच्या निवडणुकीची आचारसंहिता मुलांकडूनच लिहून घ्यावी. मोठ्यांच्या निवडणुकीत मत मिळवण्यासाठी भेटवस्तू देणे हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यामुळे निवडून आलेल्याची निवडही रद्द होऊ शकते, हे तेव्हा सांगावे. मात्र त्या मुलाकडे बोट दाखवून नव्हे. त्याला एकट्याला बोलावून विचारले, तर कदाचित त्याने जे पाहिले तेच केले असे कळेल.

उमेदवारी अर्जाला सूचक आणि अनुमोदक असावेत. खऱ्या नामनिर्देशनपत्रावरही सूचकाची सही लागते. वर्गात आपण दोन किंवा तीन मित्रांच्या सह्या मागाव्यात. त्यामुळे स्वतःच्या एकट्याच्या मतावर उरण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही, आणि ज्याला सह्या मिळत नाहीत त्याला ते भर वर्गात नव्हे, दोन-तीन जणांतच कळते. मते गुप्त असल्यामुळे सही करणारासुद्धा दुसऱ्याला मत देऊ शकतो, हे मात्र मुलांपासून लपवू नये. प्रचारासाठी प्रत्येकाला एक-दोन मिनिटे द्यावीत आणि प्रत्येक आश्वासनावर वर्गाने एकच प्रश्न विचारावा : ‘हे तुझ्या हातात आहे का?’ गृहपाठ बंद करणे वर्गमंत्र्याच्या हातात नाही. ग्रंथपेटीची किल्ली वेळेवर आणणे, खडू संपल्याचे सांगणे, मैदानावर सगळ्यांना पाळीपाळीने खेळायला मिळेल हे पाहणे त्याच्या हातात आहे. दर पंधरा दिवसांनी त्याला वर्गासमोर उभे करून या कामांचा हिशेब विचारण्याची सवय लावावी. निवडून देण्याइतकेच निवडून दिल्यानंतर विचारणे महत्त्वाचे आहे, आणि आपल्याकडे त्याचीच सवय कमी आहे.

त्या मुलीबद्दल. तिची समजूत काढण्यासाठी तिला एखादे पद देऊन टाकावे असे आपल्याला वाटणे साहजिक आहे, पण तसे करू नये. मग बाकी मुलांच्या मताला अर्थ राहणार नाही आणि ते तिलाही कळेल. तिच्याशी एकटीशी बोलावे. ती उभी का राहिली, वर्गासाठी तिला काय करायचे होते, हे बहुधा कोणी विचारलेच नसेल. तिच्या मनात काही खरी कल्पना असेल, तर ती वर्गासमोर एक पर्याय म्हणून चिठ्ठीवर यावी आणि तिच्यावर मतदान व्हावे. तेव्हा मते कल्पनेला पडतील, तिला नव्हे. पुढच्या वेळी उमेदवार व्हावे की मतदान अधिकारी, हे तिचे तिने ठरवावे.

चार बटणांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला गणिताच्या तासात देता येईल. नवी मुंबईत महापालिकेच्या एका प्रभागातून एक नव्हे, बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक निवडायचे असतात. जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात आणि मतदार प्रत्येक जागेसाठी एक मत देतो. एकूण २८ प्रभागांपैकी २७ प्रभागांत चार आणि एका प्रभागात तीन, म्हणजे १११ नगरसेवक. ठाण्यात ३२ प्रभागांत चार आणि एकात तीन, म्हणजे १३१. हा गुणाकार मुलांकडून करून घ्यावा. मुंबईत मात्र २२७ प्रभागांतून प्रत्येकी एकच नगरसेवक असल्याने मुलुंडच्या मावशीने एकच बटण दाबले असेल. यंत्राविषयी एवढेच सांगणे पुरे : एक भाग अधिकाऱ्यापाशी असतो, दुसरा आडोशात, अधिकाऱ्याने परवानगीचे बटण दाबल्याशिवाय मत नोंदत नाही आणि मतदाराची सर्व मते नोंदली की लांब शिट्टीसारखा आवाज येतो. लोकसभा-विधानसभेला सात सेकंद दिसणारी चिठ्ठीही असते. महापालिकेच्या निवडणुकीत ती नव्हती.

त्याच ओघात नकाशा घ्यावा. ऐरोलीत राहणाऱ्या मुलाचे प्रतिनिधी तीन ठिकाणी आहेत : महापालिकेत त्याच्या प्रभागाचे नगरसेवक, विधानसभेत ऐरोली मतदारसंघाचे आमदार आणि लोकसभेत ठाणे मतदारसंघाचे खासदार. राहतो नवी मुंबईत आणि खासदार ठाण्याचे, हे मुलांना कोड्यात टाकते, आणि टाकू द्यावे. कळव्याचे मूल तर ठाणे महापालिकेच्या हद्दीत राहते, पण लोकसभेला ते कल्याण मतदारसंघात मोडते. प्रत्येक मतदारसंघाच्या सीमा वेगळ्या कामासाठी वेगळ्या आखल्या आहेत, एवढे त्यातून समजले की पुरे. मग प्रश्न द्यावेत : दिवाबत्ती बंद असेल तर कोणाकडे जायचे, लोकलच्या गाड्या वाढवायच्या तर कोणाशी बोलायचे. नावे पाठ करून घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगी आहे.

आता ‘बाई, तुम्ही कोणाला मत दिले?’ या प्रश्नाकडे वळते. उत्तर एकच आहे : ‘माझे मत गुप्त आहे, आणि तुमच्या आईबाबांचेही.’ यात उडवाउडवी काहीच नाही, हाच पाठाचा गाभा आहे, म्हणून ते हसत आणि ठामपणे द्यावे. याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. घरी कोणाला मत दिले हे वर्गात कधीही विचारू नये, आणि एखादे मूल आपणहून सांगू लागले तर त्याला थांबवून ‘ते तुझ्या आईबाबांचे गुपित आहे, तू सांभाळ’ असे म्हणावे. घोषणा देणाऱ्या मुलांना रागावण्याचे कारण नाही, आणि त्या घोषणांना उत्तर देण्याचे तर मुळीच नाही. या घोषणेत कोणते काम करायचे सांगितले आहे, असा प्रश्न सर्व पक्षांच्या घोषणांना सारखाच विचारावा. बहुतेक घोषणांत काम सापडत नाही आणि मुले ते स्वतःच शोधून काढतात. तेथे थांबावे, शेरा मारू नये.

पालकांची काळजी खोटी नाही. शाळेत एखाद्या पक्षाचा प्रचार होईल अशी भीती त्यांना वाटत असेल, तर ती भीती बाळगण्याचा त्यांना अधिकार आहे. मतदानाचे वय १९८९ पर्यंत २१ होते, आता १८ आहे. आपल्या वर्गातील मुले आठ-नऊ वर्षांत मतदार होतील, आणि यादीत नाव पाहण्याची, मत गुप्त ठेवण्याची, हरल्यावर पुन्हा एकत्र खेळण्याची सवय तोवर लागायला हवी, असे त्यांना लिहून कळवावे. वर्गात कोणत्याही पक्षाचे नाव, चिन्ह, नेता येणार नाही आणि घरातील मताबद्दल विचारणा होणार नाही, ही दोन वाक्ये त्या चिठ्ठीत असलीच पाहिजेत. मुख्याध्यापकांची सही घ्यावी. तक्रार करणाऱ्या दोन्ही पालकांना पुढच्या मोजणीला बोलवावे आणि मागच्या बाकावर बसवावे. त्यांना काही शंका आली, तर त्यांनी ती आपल्याला न विचारता त्या दिवशीच्या नऊ-दहा वर्षांच्या मतदान अधिकाऱ्यांना विचारावी.